लेकराला सांगून जावे

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या सोसायटीचे आधारस्तंभ श्यामसुंदरजी, 'ओसरी' पाळणाघराच्या संचालिका व आजच्या सत्कारमूर्ती वैजयंतीताई, उद्यापासून त्यांची जबाबदारी स्वीकारणाऱ्या क्रांतीताई, व्यासपीठावरील मान्यवर, समोरचे पालक, पालकांहून संख्येने अधिक असलेले आजी-आजोबा, आणि खुर्च्यांखालून संचार करणारे बालगोपाळ, आपणा सर्वांस माझा सविनय नमस्कार.

ताईंचे गुणवर्णन करावे म्हणून मला उभे केले आहे. पण मघाशीच त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आप्पा, स्तुती नको हं. जे घडलं तेवढंच सांगा." सत्कारमूर्तींची आज्ञा मोडणे शास्त्राला धरून नाही. म्हणून एकच हकीकत सांगतो. ज्यांची आहे त्या नमिताताई आणि त्यांच्या सासूबाई पुतळाबाई समोरच बसल्या आहेत. त्यांची अनुमती घेतली आहे.

त्याआधी एक प्रश्न. आपण घरी गणपती आणतो तेव्हा प्राणप्रतिष्ठा करतो. पाठवणी करतानाही उत्तरपूजा होते, अक्षता वाहतो, हातावर दही ठेवतो, सोबत शिदोरी देतो. देवाचे लक्ष दुसरीकडे वळवून कोणी मूर्ती पटकन उचलून नेली आहे काय? नाही ना? मग ज्या लेकराला आपण देवाचे रूप म्हणतो, त्याला मात्र "तो बघ कावळा" म्हणून मागच्या मागे पसार कसे होतो?

गेल्या वर्षी अडीच वर्षांचा तेजस 'ओसरी'त आला. आई महाप्याला नोकरीला, म्हणून आजी सोडायला यायच्या. त्याला माशांच्या काचपेटीपुढे उभे करायचे आणि निघून जायचे, असा क्रम. ताईंनी हटकले तेव्हा पुतळाबाई आपल्या आगरी बोलीत म्हणाल्या, "पोराला ररवून जायाचा कनाला? गुपचूप सटकलेला बरा." रडवून जायचे कशाला, हा त्यांचा सवाल. इतर पालकही तेच करीत. म्हणून ताई गप्प बसल्या.

एका शनिवारी नेहमीप्रमाणे 'ओसरी'तल्या मुलांना स्तोत्र ऐकवून मी चपला घालीत होतो. नमिताताई आल्या. मागोमाग पुतळाबाई.

"ताई, बस झालं. सोमवारी मी राजीनामा देते. तो मला बाथरूमलासुद्धा जाऊ देत नाही. तुमच्याकडे म्हणे मजेत खेळतो. मग घरीच असा का चिकटतो? माझंच काहीतरी चुकतंय."

आता ताईंची खरी कसोटी होती. कारण संध्याकाळी मूल परत देताना "छान राहिला हं, अजिबात रडला नाही" हे वाक्य पाळणाघरात जवळजवळ मंत्रासारखे म्हटले जायचे. त्या म्हणाल्या, "नमिता, तो इथे खेळत नाही. दुपारपर्यंत दाराकडे बघत बसतो. जेवतही नाही नीट. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून आम्ही खोटं सांगत आलो. चूक तुझी नाही."

मंडळी, त्यानंतर पुतळाबाईंच्या शब्दांचा जो वर्षाव झाला तो मी कानांनी ऐकला आहे. "मंग रोज कनाला सांगत व्हतीस बाय, पोर चांगला खेलला म्हनून? मी पोराला फसवला, आनि तू माना फसवलास!"

"खरं आहे, मावशी," ताई म्हणाल्या. "दोन्ही बंद करू. सकाळी तुम्ही त्याला सांगून जा. संध्याकाळी आम्ही जे झालं तेच सांगू. नमिता, राजीनामा थोडा थांबव."

सोपे नव्हते. सर्वच पालक सांगून निघू लागले आणि सकाळी रडण्याचा असा गजर होऊ लागला की दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला विचारले, "आप्पा, खाली पाळणाघर आहे की गिरणीचा भोंगा?" अध्यक्ष महाशयांनी त्या तक्रारी सोसल्या, त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते. आज मानतो. नमिताताई आता सासूबाईंसोबत स्वतः सोडायला येऊ लागल्या होत्या, म्हणून त्यांच्या कचेरीतल्या साहेबांनीही "अजून किती दिवस उशीर?" म्हणून ऐकवले.

पण संध्याकाळचे बोलणे बदलले. "आज पोहे खाल्ले, दुपारी मात्र आईला शोधत होता," असे ऐकून पुतळाबाई आपणहून सांगू लागल्या की तो माझ्या लुगड्याचा पदर धरून झोपतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या लुगड्याचा तुकडा आणून दिला. तेजस दुपारी झोपू लागला. मग एका सकाळी आईने निरोप घेतला, तो हुंदका देऊन वळला आणि आपल्या ताटलीपाशी जाऊन बसला. फाटकाबाहेर नमिताताई मात्र डोळे पुशीत उभ्या. सासूबाई म्हणाल्या, "आता तू कनाला ररतंस? जा, बस चुकंल."

राजीनामा दिला गेला नाही. गुरुगृही मूल सोपविणे हा आपल्याकडे संस्कार मानला आहे. त्यात देणारा आणि घेणारा दोघांनी समोरासमोर उभे राहायचे असते. ताईंनी तेच आम्हाला नव्याने शिकविले.

आता आजची सकाळ. काही पालकांचे म्हणणे पडले की ताईंनी मुलांना काही न सांगता जावे, उगाच रडारड नको. ताईंनी मुलांना गोल बसवले आणि सांगितले, "उद्यापासून मी येणार नाही."

तेजसने विचारले, "मग परवा?"

"परवाही नाही."

"तुझी आई न्यायला आली?"

आपण हसलात. तिथेही सगळे हसले. "नाही रे राजा, आता मी घरीच राहणार," असे ताई म्हणाल्या, तेव्हा तो रडला. ताईंनी त्याला जवळ घेतले आणि रडू दिले.

उद्या मुले त्यांना शोधणार. क्रांतीताईंनी एकटीने ते कसे सांभाळावे? म्हणून पालकांनी आपसांत ठरवले आहे की हा आठवडाभर पाळीपाळीने सकाळी मुलांजवळ थांबायचे. पहिली पाळी नमिताताईंची. अर्ध्या दिवसाची रजा काढली आहे. साहेबांनी कारण विचारले, तेव्हा म्हणाल्या, "तेजसच्या पाळणाघरातल्या ताई जाताहेत. त्याच्याजवळ थांबायचंय." पुतळाबाईंनीही घोषणा केली आहे, "मी दारान बसतंय. बगतंय कोन ररतंय तो."

माझ्या बोलण्यात कुणाचे नाव राहिले असेल, काही अधिक-उणे गेले असेल, तर ते वयाच्या खाती घालून मला क्षमा करावी. शांतपणे ऐकून घेतलेत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

वैजयंतीताई, एकच विनंती. आयोजकांनी आपली गाडी मागच्या दाराशी लावली आहे. कृपा करून पुढच्या दाराने, मुलांमधून जावे. गलका होईल. होऊ द्यावा. सावरायला आम्ही आहोत.