बारा ऋतूंवालीचं पांढरं फडकं

दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वहिनी, कुणाला कोणते रंग खुलतात ते ऋतूंच्या नावाने सांगणाऱ्या त्या चार ऋतूंवालीने दोन महिन्यांपूर्वीच तुमचा ऋतू हिवाळा सांगितला होता ना?”

“म्हणून निळे कपडे शिवले. पण खुलेनात. मग त्याच चार ऋतूंचे बारा पोटभेद करणाऱ्या बारा ऋतूंवालीकडे गेले. तिने गळ्याशी रंगीत फडकी धरली आणि पानगळ सांगितली, म्हणजे पिवळे-तपकिरी रंग.”

“म्हणजे दोघींतली एक थापाडी!”

“मीही तेच म्हटलं. तेव्हा तिने मला खिडकीशी नेलं, पांढरं फडकं गालाला लावलं आणि बाकीची फडकी गुंडाळूनच ठेवली.”

“का हो?”

“म्हणाली, ‘ताई, दोन्ही पद्धती बरोबर आहेत, तुमचाच रंग बदललाय. डोळेसुद्धा पिवळे झालेत. कपडे राहू द्या, आधी डॉक्टर गाठा.’”

“अगंबाई! आणि आम्ही घरात रोज तुमचं तोंड बघतो की हो!”