ती जाहिरात सुमनबाईंची नव्हती

कोंढ्याच्या मायबापहो, बहिणींनो, आणि समोर बसलेली सुमनबाईंची लेक ज्योती,

या गावात माइकसमोर मी पुष्कळदा उभा राहिलो. आज कबुली द्यायला उभा आहे. तुम्ही जमलात, बरं केलंत. सुमनबाईंच्या अंत्ययात्रेला मात्र आपण फार थोडे होतो. का थोडे होतो, तेच सांगायला आलो आहे.

मी पवनीचा बातमीदार. तुम्ही मला ओळखता. माझी ती बातमीही ओळखता. परवा ज्योतीचा फोन आला. आईसारखीच सरळ बोलते. म्हणाली, "काका, मागून जे खरं छापलं, ते आता तोंडानं सांगा. सगळ्याईसमोर सांगा." म्हणून आलो.

सुमनबाईंनी उभं आयुष्य झाडीपट्टीच्या नाटकात काढलं. मंडपात माइक बंद पडला तरी शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला त्यांचा शब्द न् शब्द ऐकू जायचा. आपण सगळ्यांनी ऐकलंय. ऐकलंय ना?

मग एका कंपनीचे लोक आले. म्हणाले, आपली बोली मोबाईलला शिकवायची आहे. बाईंना केवढा आनंद झाला! पवनीला बसून त्यांनी गोष्टी सांगितल्या, वाक्यं वाचली, मानधन घेतलं आणि घरी आल्या. विषय संपला, असं त्यांना वाटलं.

पुढच्या हंगामात धानावर तुडतुड्याची कीड आली आणि आपल्या मोबाईलवर एक जाहिरात आली. आवाज सुमनबाईंचा. "भावांनो, हेच औषध मारा. मी सांगून राहिली ना!" तुम्ही मारलं. धान वाचलं नाही. लोक त्यांच्या दारात गेले. त्या हात जोडून म्हणत होत्या, "मी हे बोललीच नाही बाप्पा! कोणाची शपथ घेऊ?"

त्यांनी भंडाऱ्याच्या कोर्टात कंपनीवर दावा लावला. माझा आवाज घेऊन यंत्रानं हे बनवलं, असं त्यांचं म्हणणं.

आणि मी काय केलं? मी ती जाहिरात कानाला लावून ऐकली. पुन्हा पुन्हा ऐकली. मनात म्हटलं, हा आवाज मी लहानपणापासून ओळखतो, मला कोण फसवणार? कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो गोड बोलला. "बाई स्वतःच बोलल्या आहेत, साहेब." मला पटलं. मी मथळा दिला, 'पैसे घेतले, आता कानावर हात!' मला तो मथळा आवडला होता. हेही आज सांगून टाकतो.

ते कात्रण इथल्या पानठेल्यावर किती दिवस चिकटवलेलं होतं, तुम्हाला माहीत आहे. दिवाळीनंतर नाटकं उभी राहिली, पण सुमनबाईंना कोणी बोलावलं नाही. बाजारात त्यांनी वांग्याचा भाव विचारला, की माणसं माना वळवायची. "हाच तो आवाज." हसायची. मग त्या भाव विचारेनाशा झाल्या. बोटानं वांगी दाखवायच्या, बोटानं मिरची दाखवायच्या. ज्योती सांगते, पुढे पुढे घरातही बोलणं बंद झालं. दार वाजलं तरी "कोण हाये?" म्हणायच्या नाहीत.

कोर्टात त्यांची साक्ष झाली, तेव्हा मी तिथे होतो. न्यायाधीशांनी नाव विचारलं. त्यांचे ओठ हलले. न्यायाधीश म्हणाले, "बाई, मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही." सुमनबाईंना! मोठ्यानं बोला! मी खाली मान घातली.

शेवटी कंपनीच्याच इंजिनिअरनं कबूल केलं. ती वाक्यं यंत्रानं जुळवली होती. बाई जिंकल्या. मी बातमी लिहिली. ती आतल्या पानावर, कोपऱ्यात छापून आली. ती कोणी पानठेल्यावर चिकटवली नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. त्या वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी म्हटलं, "ताई, चुकलो." त्यांनी वर पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "बाबू, तुयाजवळ माया नंबर होता?"

"होता, ताई."

"कंपनीवाल्याले फोन केला?"

"केला."

"मंग मले काहून नाही केला?"

काय सांगू? काहीच कारण नव्हतं. मला सगळं ठाऊकच आहे, अशा तोऱ्यात होतो मी. त्या शेंगा सोलत राहिल्या. मी उठून आलो. त्यांचं माझ्याशी ते शेवटचं बोलणं.

म्हणून आज गावासमोर बोलतो. सुमनबाई ती जाहिरात बोलल्या नव्हत्या. त्यांनी तुम्हाला फसवलं नव्हतं. फसलो मी, आणि माझ्यामुळे तुम्ही. सुमनबाई ती जाहिरात बोलल्या नव्हत्या. जे आज आले नाहीत, त्यांनाही सांगा.

अजून एक. काल मी ज्योतीला म्हटलं, ती जाहिरात मोबाईलमधून काढून टाक बेटा. ती म्हणाली, "नाही काढत, काका. मायाजवळ आईचा आवाज म्हनून तेवढंच हाये." जे तिची आई कधी बोललीच नाही, ते ऐकत ही पोरगी एकटी बसते.

तेव्हा एक मागणं आहे. नाटकात, लग्नात, अंगणात, कधीतरी तुमच्यापैकी कोणी सुमनबाईंचं बोलणं मोबाईलमध्ये भरलं असेल. घरी जा, शोधा. एखादा संवाद असेल, नुसतं हसणं असेल. "काहून रे, जेवला का?" एवढं असलं तरी चालेल. ज्योतीला आणून द्या. मी घरोघर फिरणार आहे, पण मी येण्याची वाट पाहू नका.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कोणी बोलू नका. सुमनबाई खरोखर कशा बोलायच्या, ते ज्याचं त्यानं आठवा.