विहीर कोणत्या रकान्यात

"हॅलो?… हं, वहिनी. बोला… नाही, शाळेतच आहे अजून. वह्यांचा गठ्ठा पुढ्यात आहे."

भूगोलाच्या बाईंनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि लाल पेनाचं टोपण दातांनी ओढून काढलं. या फोनमधून त्यांच्या पदरात काय पडणार होतं, ते वहिनींनी पहिल्याच मिनिटात सांगून टाकलं: माडीवरची खोली. पुढच्या बाजूची, कोरडी, दोन खिडक्यांची, न्हाणीघर आतच. बाई गेली एकोणीस वर्षं भावाच्या घरात मागच्या खोलीत राहत होत्या. तिथे भिंतींना बारा महिने ओल, आणि कपाटातल्या नकाशांना बुरशी. माडीच्या मोबदल्यात वहिनींना फार काही नको होतं. एका बरोबरच्या खुणेची फुली करून हवी होती.

"अहो, माडी तर तुम्ही भाड्याने देणार होतात ना?… बरं. मला देणार. ऐकलं मी… नाही हो, आनंद झाला की. आठ तासिका घेतल्यावर आनंद असाच ऐकू येतो."

"कोणती वही?… हो, कंपाउंडरच्या मुलीची. असेल गठ्ठ्यात. सत्राचे गुण भरायचेत, म्हणून आज सगळ्यांच्या परत घेतल्या… तुम्हाला कसं कळलं?… शिपाईदादांना फोन केलात? वहिनी, धन्य आहात!"

त्याचं असं झालं होतं. 'घराभोवतीच्या संसाधनांचे वर्गीकरण करा' असा गृहपाठ बाईंनीच दिला होता. शेजारच्या कंपाउंडरच्या मुलीने त्यात भावाच्या मागच्या अंगणातली विहीर 'सामुदायिक' या रकान्यात टाकली. बाईंनी खाली बरोबरची खूण केली, दहापैकी दहा दिले, सही ठोकली. आणि वहिनींनी विहिरीचं पाणी विकायला टँकरवाला आणायचं ठरवलंय हे कानावर आल्यावर, कंपाउंडर शनिवारी तीच वही घेऊन फाटकाशी उभा राहिला. तुमच्या नणंदेनेच लिहून दिलंय, म्हणाला. चारही घरं गोळा झाली. ती चारही घरं त्याच विहिरीवर पाणी भरतात.

"अहो, ती काय कोर्टाची मोहोर आहे? गृहपाठ आहे तो!… हो, सही माझी… हो, शाईसुद्धा माझी… कधी येतोय टँकरवाला? उद्याच?… बरोबर आहे त्याचं. भांडणाची विहीर कोण घेईल?"

"वहिनी… अहो ऐका ना… ऐका तर. खरं सांगू? रागावणार नसाल तर. मी वाचलीच नव्हती… वही! बावन्न वह्या होत्या हो, एका तासात. पहिल्या चार वाचल्या, पुढे नुसत्या खुणा मारत सुटले… हसताय काय?"

वहिनी बराच वेळ हसल्या असाव्यात, कारण तेवढ्यात बाईंनी दोन वह्यांवर सह्या उरकल्या.

"तसंच लिहून देऊ? 'न वाचता खूण केली, तरी उत्तर चूक धरावे'? आणि हेडमास्तर काय माझी पाठ थोपटतील?… दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. तीस वर्षं जपलेलं नाव आता कुठे विकायला काढू?"

"नुसती फुली?… हो, कोणाला कळणार नाही, खरं आहे… गहाळ? वही कशी गहाळ होईल, वहिनी? पोरीने स्वतः आणून ठेवलीय टेबलावर. कव्हर घालून."

माडीवरच्या खोलीत सकाळचं ऊन येतं, हे बाईंना माहीत होतं. लहानपणी त्या तिथेच अभ्यासाला बसत. गुडघ्यांना ऊन किती बरं वाटतं, हे ज्याचे गुडघे पन्नाशी ओलांडून गेलेत त्यालाच विचारावं. त्यांनी गठ्ठ्यात हात घातला.

"थांबा, काढते… मिळाली… हो, पेन हातातच आहे… अहो, फुली मारायच्या आधी वाचू तर द्याल! पहिल्यांदाच वाचतेय."

"अक्षर चांगलं आहे हो… बरं, मोठ्याने वाचते. 'संसाधन: विहीर. मालकी: सामुदायिक. कारण: जागा शेजारच्या काकांची आहे, पण खोदाई चार घरांनी मिळून केली. कप्पी समोरच्यांची, दोर आमचा. खोदताना दगड पडून आमच्या आजोबांच्या पायाची दोन बोटं गेली.'"

"…हो."

"…नाही, वहिनी, थापा नाहीत. मी होते तिथे. सहा वर्षांची. मातीच्या पाट्या मोजायला मला बसवलं होतं… तुम्ही कुठे होतात तेव्हा? तुम्ही आमच्या घरात आलात त्याच्या अठरा वर्षांनी, भरलेल्या विहिरीवर!… टोमणा नाही हो. तारीख सांगतेय."

"पुढे आहे अजून. 'प्रकार: नवीकरणीय, पण रात्रभर थांबलं तर. चार घरांनी भरलं की सकाळी पाणी पहिल्या पायरीशी परत येतं. टँकरने उपसलं तर अनवीकरणीय.'… वहिनी? ऐकताय ना?… अहो, हे मी शिकवलेलं नाही. मी पुस्तकातलं शिकवते. कोळसा इकडे, पाणी तिकडे, संपली तासिका. ही पोर रोज वाकून पायऱ्या मोजत असणार."

"हं, खोडतेय… हो, आत्ताच. लाल पेनानेच… नाही, नाही, विहीर नाही! पेट्रोल. तिने पेट्रोल नवीकरणीय लिहिलंय. 'कारण पंपावर रोज नवीन येतं.' याला मी बरोबर दिलं होतं, बघा! काय म्हणावं मला… दोन गुण कमी. दहाचे आठ."

वहिनींना आठाचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांनी सातबारा काढला, म्हणजे तोंडी; आणि सासऱ्यांपासून सुरुवात केली. बाई हुंकार देत राहिल्या. स्टाफरूमचा पंखा कधीच बंद झाला होता. दारात शिपाईदादा किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभे होते आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे असे बघत होते, जणू त्यांना फोनचं काही माहीतच नाही.

"जागा दादाचीच. माझा हिस्सा मी सोडला, सही करून दिली, आजही देईन. पण जागेचा रकाना वेगळा आणि पाण्याचा वेगळा. सातवीतल्या पोरीला कळतं ते… कोण, दादा आलाय? द्या फोन त्याच्याकडे."

"हं, दादा… जेवलास का दुपारी?… हो, ती म्हणाली सगळं. एकच विचारते तुला. ती दोन बोटं फडक्यात बांधून दवाखान्यात कोणी नेली होती?… तूच ना! आठ वर्षांचा होतास. मी मागून रडत पळत होते आणि तू ओरडत होतास, घरी जा म्हणून… दादा?… अरे, मी तुझ्याकडे काही मागत नाहीये. तिला एवढंच सांग, की असं झालं होतं. बस्स… आहेस ना?… दादा?"

"…वहिनी, तुम्ही? दादा कुठे गेला?… पाय मोकळे करायला. हं. त्याचे पाय बरोबर वेळेला अवघडतात, लहानपणापासून."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग पुन्हा काढलं.

"नाही, वहिनी. फुली नाही होणार… तत्त्व कसलं डोंबलाचं! तत्त्वाला अंगात ताकद लागते. उत्तर बरोबर आहे, मी आता वाचलंय, संपलं. न वाचता होते तोवर काहीही करून दिलं असतं तुम्हाला. तुम्ही मला वाचू द्यायला नको होतं… हो, माडीचं कळलं. द्या भाड्याने."

"मागचीसुद्धा?… मागची खोलीसुद्धा. बरं… टँकर आला नाही तर ती भाड्याने देणार, म्हणजे तुमचं नुकसान भरून… हं. समजलं… कधीपर्यंत?… पहिल्या तारखेला आज नऊ दिवस आहेत, वहिनी… नाही, जमवते. नकाशे तेवढे गच्चीवर वाळत घालू द्या दोन दिवस… नाही, रडत नाहीये. सर्दी आहे. तुमच्याच भिंतींची."

"वहिनी, एक… कंपाउंडरच्या बायकोला घालूनपाडून बोलू नका उद्या. पोरगी शाळेत येताना मला… हॅलो?… हॅलो?"

बाईंनी फोन टेबलावर पालथा ठेवला. शिपाईदादांनी दाराला कुलूप लावायला हात उचलला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अर्धा तास थांबता का? एक्कावन्न राहिल्यात." आणि पहिली वही उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. अर्ध्या तासात त्यांच्या जेमतेम सहा झाल्या.

टँकरवाला दुसऱ्या दिवशी आला, चार घरांच्या बायका कप्पीपाशी उभ्या बघितल्या, आणि पाइप न उतरवताच वळला. महिन्याभरात वहिनींनी मागची खोली एका फोटोग्राफरला दिली, तेव्हा त्यांचं फारसं बुडालं नाही. चार घरांच्या बादल्या चालू राहिल्या. दादाचं एक वाक्यही खर्च झालं नाही. बाईंना बस थांब्यामागे तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली. तिथे पाणी टँकरने येतं आणि त्याचं बिल वेगळं द्यावं लागतं. पेट्रोलचे दोन गुण कंपाउंडरच्या मुलीने भरले, बाकीचं बाईंनी.