साळवेसरांचं न झालेलं व्याख्यान

समारंभाचे अध्यक्ष माननीय मनोहरराव, सत्कारमूर्ती प्राध्यापक सुबोध साळवेसर, सौ. साधनावहिनी, आणि बुकित पंजांगहून इतक्या लांब ईस्ट कोस्टला आलेल्या मंडळाच्या सभासदांनो,

बारा वर्षं इथल्या एका कॉलेजात धर्मशास्त्र शिकवून सर परवा नगरला परत चालले आहेत. मंडळाचा चिटणीस म्हणून चार शब्द बोलायचा मान मला मिळाला. मी त्याला कितपत पात्र आहे, ते लवकरच कळेल.

२०१३च्या डिसेंबरात मंडळात सरांचं व्याख्यान ठरलं होतं: 'हुकूमशाहीतले ख्रिस्ती विचारवंत आणि सत्ताबदल'. कोरिया, पूर्व जर्मनी, सगळी टिपणं तयार. पत्रक काढायचं काम माझं. त्याच महिन्यात माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे या परक्या देशात नोकरी करून राहायचा सरकारी परवानाच, रिन्यू व्हायचा होता. मी आधी 'हुकूमशाही' काढली. मग 'सत्ता' खटकली. 'बदल' तरी कशाला हवा? अखेर पत्रक गेलं: 'नाताळचा केक: काल आणि आज'.

कुणी मनाई केली होती का? नाही. कुणी विचारलं तरी होतं का? तेही नाही. सरांना मात्र मी सांगितलं, हॉलच्या मॅनेजरने अडवलं.

बावीस भगिनी वह्या घेऊन आल्या. सरांनी आयुष्यात चहासुद्धा केलेला नाही, असं वहिनी सांगतात. तरी ते उभे राहिले. मेधाताईंनी विचारलं, मैदा किती? सर म्हणाले, "विवेकाला पटेल तितका." पुढे, तुरुंगात अंडी कुठली मिळायला, असं म्हणत ते कोरियात शिरणार, तेवढ्यात मी आभार मानायला उठलो. मेधाताईंचा तो केक फुगला नाही, त्यालाही मीच जबाबदार.

तेव्हापासून सहा वर्षं सर त्या मॅनेजरशी बोललेले नाहीत. भला माणूस, आपल्यासाठी न सांगता जादा खुर्च्या काढून ठेवतो. काल सर मला म्हणाले, "जाण्याआधी त्याला भेटून येतो. बिचाऱ्यावर वरून दबाव असेल. मी त्याला क्षमा केली आहे."

सर, उद्या कृपा करून त्याला क्षमा करायला जाऊ नका. त्याला काही ठाऊकच नाही. वरून कुणी दबाव आणला नव्हता. शीर्षक मी बदललं, आणि भीतीही मी घरूनच आणली होती.

वहिनी हसताहेत, म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं. सर हसत नाहीत. बरोबरच आहे.

अध्यक्षांचा आणि आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, पण बोलण्यापुरतंच. बाकीचं सर ठरवतील. आता 'हुकूमशाहीतले ख्रिस्ती विचारवंत आणि सत्ताबदल' या विषयावर बोलायची मी त्यांना विनंती करतो. सर, हवा तितका वेळ घ्या. आज आभार मी मानणार नाही.