दोन दारांचा तंबू

मी गारगोटीच्या पलीकडच्या डोंगरातला, नव्वदी उलटली, कानानं कमी येतंय तवा मोठ्यानं इचारा. बाप शेतकरी, आमी भाऊ चार, घरात तोंडं जास्त आनि भाकरी कमी, म्हणून मिसरूड फुटतंय न फुटतंय तवाच मी पलटणीत भरती झालो. निघालो त्या दिवशी उंबऱ्यात चुलती शिंकली. आई म्हणाली, थांब, बस खाली. बसलो, तांब्याभर पाणी प्यालो, मग सोडलं. आमच्यात तसंच हाय, शिंक आली की निघालेल्या माणसाला अडवायचं.

पुढं आमास्नी बोटीत घातलं, कोरियाला चाललाय म्हणाले. कोरिया कुठं आलं कुणाला ठावं. काय सांगू तुम्हाला, एकच देश, एकच भाषा, पर दोन तुकडं केलेलं. वरच्या अंगाला कम्युनिस्टांचं राज्य, त्यांच्या मागं रशिया आनि चीन, खालच्या अंगाला त्यांच्या इरोधातलं, त्यांच्या मागं अमेरिका. मैदान तिथलं, पैलवान तिथलं, वस्ताद मातूर बाहेरचं. आमी गेलो तवा गोळीबार थांबलेला. भारत कुणाच्याच बाजूचा न्हवता, म्हणून कैदी राखायचं काम आमच्याकडं आलेलं.

ह्ये कैदी वरच्या अंगाचं, लढाईत खालच्यांनी धरलेलं, आनि म्हणायचं आमाला घरी जायाचं न्हाय. आता खरंच न्हाय का कुणाच्या भ्यानं न्हाय, ह्ये कळाय एक तंबू ठोकलेला. एकेकाला आत न्यायचं, त्याच्या राज्याची माणसं त्याला समजावणार, मग म्होरं दोन दारं. एकातनं गेला की घरी. दुसऱ्यातनं गेला की परत छावणीत, म्हंजे घर तुटलंच की. आमच्या हातात नुसत्या काठ्या, आनि हुकूम, बोलायचं न्हाय, खूण करायची न्हाय, दार त्याचं त्यानं निवडायचं.

एक दिवस माझ्याच वयाचा एकजण आला. त्याला सांगत व्हते, तुझी आई जित्ती हाय, वाट बघत्या. ह्ये मला दुभाष्यानं मागनं सांगितलं. त्यो उठला आनि घरच्या दाराकडं निघाला. दोन पावलं ऱ्हायलीती. तिथल्या थंडीनं मला पडसं झालेलं, आनि मला शिंक आली. मला कळायच्या आत माझा हात त्याच्या छातीवर गेला, तोंडातनं निघालं, थांब. सवय हो. त्यो थांबला. माझ्या तोंडाकडं बघितलं, माझ्या हातातल्या काठीकडं बघितलं, आनि वळून दुसऱ्या दारानं गेला.

मी सायबाला जाऊन सगळं सांगितलं. सायेब म्हणाला, त्याचं मनच डळमळीत असंल, तू जिवाला लावून घेऊ नको. असंल की. मला तरी काय ठावं त्याच्या मनातलं. पर हात माझा व्हता न्हवं. ह्यो जाऊ नको म्हणतोय, असंच त्याला वाटलं असणार. परत त्यो काय दिसला न्हाय. सुट्टीवर घरी आलो तवा आई दारातच बसलेली, मला बघून रडाय लागली, आनि मीबी रडलो, तिला वाटलं पोरगं आईसाठी रडतंय. मी त्याच्या आईसाठी रडत व्हतो. ह्ये तिला कधी सांगितलं न्हाय.

मग चाकरी झाली, पेन्शन आली, लेकीसुना झाल्या. आता नातू इचलकरंजीला मागाच्या पाळीवर जातोय, त्यो निघाला आनि मी शिंकलो तर नातसून म्हणती, अवो थांबा जरा. मी म्हणतो, जाऊ दे त्याला. घरात सगळी हसत्यात, म्हाताऱ्याला रीत कळत न्हाय म्हणत्यात. म्हणू द्यात.

त्यो कैदी अजून असला तर माझ्याएवढाच म्हातारा असंल, जिथं असंल तिथं त्याच्या घरात चार माणसं असूंद्यात, एवढंच मागतो. च्या प्यालासा न्हवं? मग निघा, पावणं, उन्हं उतराय लागल्यात. आनि मागनं मी शिंकलो तर थांबू नगा, सरळ आपल्या घरला जावा.