मागून येणारी घंटा

सुयोग: फळं नकोत मला. परत घेऊन जा.

शिवदास: ठेवतो इथं. खा नंतर. पाय कसा आहे?

सुयोग: प्लास्टर आहे. दिसतंय ना.

शिवदास: परवा आलो तेव्हा भिंतीकडं तोंड करून पडला होतास. कालपण तसंच. हिना सिस्टर म्हणाली, जागा आहे पण तुमच्याशी बोलायचं नाय म्हणतो.

सुयोग: मग तरी आलास.

शिवदास: येणारच. तुझ्या आईचा फोन आमच्या घरी गेला. शेवंती मला विचारते, तुम्ही पोराला रस्त्यात टाकून पुढं गेलात? माझी बायको विचारते हे. वाडीत सगळ्यांना कळलंय. तुला गल्फमध्ये मी आणला, खोलीत मी ठेवून घेतला, आणि मीच टाकून गेलो. काय सांगू मी तिला?

सुयोग: झालं ते सांग.

शिवदास: झालं ते आधी तुला सांगतो. पटलं नाय तर उद्यापासून येणार नाय. बुसैतीनच्या खोलीतलं तुझं सामान तू म्हणशील तिथं पोचवीन.

सुयोग: बोल. मी कुठे जाणार आहे उठून.

शिवदास: त्या सकाळी आपण दोघं निघालो ते तुला आठवतंय?

सुयोग: सगळं आठवतंय, दादा. दोन दिवस उत्तरेचा वारा, त्यात पाऊस. गल्लीत पाणी साचलेलं, सायकली उचलून काढल्या आपण. मी म्हटलं टॅक्सी करू. तू म्हणालास, धुकं आहे पण वारा पडलाय, हिद्दच्या वर्कशॉपपर्यंत काय जड नाही.

शिवदास: म्हटलं खरं. वारा पडला म्हणजे थंडी गेली असं वाटलं मला. घरचे हसतात, गल्फमध्ये कसली थंडी म्हणून. युनिफॉर्मची पातळ पँट, खालून बर्फासारखं पाणी. हँडल धरलेली बोटं मला माझी वाटत नव्हती. तेव्हाच मागं फिरायला पाहिजे होतं.

सुयोग: बरं. पुढे.

शिवदास: मी पुढं, तू मागं. धुक्यात दिसणार नाय म्हणून ठरवलं, तू मधूनमधून घंटा वाजवायची, म्हणजे मला वळून बघायला नको. तू वाजवत होतास. अराद सोडलं, समुद्राकडेचा रस्ता लागला, तिथंपण वाजवत होतास. मग तो पाण्याचा टँकर गेला.

सुयोग: डबक्यातून गेला. सगळं पाणी अंगावर.

शिवदास: डोक्यापासून पायापर्यंत. माझा श्वासच अडकला.

सुयोग: तिथेच मी पडलो. डोळ्यांत पाणी, काही दिसेना, सायकल कडेला घेतली आणि चाक दगडात गेलं. दगडांवरून सायकलसकट खाली, समुद्राच्या बाजूला. फोन कुठे गेला पत्ता नाही. पाय हलवला तर डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हा मी हाक मारली तुला. दोनदा मारली.

शिवदास: एक ऐकली मी.

सुयोग: ऐकलीस?

शिवदास: दादा, म्हणून. बोटं ब्रेकवर गेली माझी. आणि तेवढ्यात मागून घंटा वाजली.

सुयोग: कोणाची?

शिवदास: तुझी. तुझी घंटा मला कळत नाय? अर्धी वाजते, मधेच अडकते, मग उरलेली वाजते. तशीच वाजली. मला वाटलं, भिजलास म्हणून ओरडलास. आहेस मागं. म्हणून पायडल मारत राहिलो.

सुयोग: दादा, माझी सायकल माझ्यावर पडलेली. हँडल दगडात अडकलेलं. घंटेपर्यंत माझा हात पोचत नव्हता.

शिवदास: ते मला आत्ता कळतंय. तेव्हा ती वाजत होती. हिद्द येईपर्यंत वाजत होती.

सुयोग: धुक्यात दुसरा कोणी सायकलवाला असेल.

शिवदास: मीपण तीच समजूत घालून बघितली. पण तो बोलत होता, सुयोग.

सुयोग: काय बोलत होता?

शिवदास: सांगतो. थोडं पुढं गेल्यावर मला उकडायला लागलं. एवढ्या थंडीत. छातीत शेकोटी पेटवल्यासारखं. मी चालत्या सायकलवर जॅकेट काढलं आणि कॅरियरला अडकवलं. बरं वाटलं. मग झोप यायला लागली. रस्त्याकडेला तो बसका कट्टा आहे ना, तिथं बसावं असं फार वाटलं. मी न वळता विचारलं, दमलास काय रे, बसूया जरा? मागून आवाज आला, चल.

सुयोग: माझा आवाज?

शिवदास: तुझाच. मी म्हटलं, दोन मिनिटं बसू. म्हणाला, चल. मी पाय थांबवले की घंटा जवळ यायची. अगदी मडगार्डला लागेल इतकी. मी पायडल मारलं की मागं जायची. मी त्याच्याशी बोलत होतो वाटभर. गावचं, घरचं, काय काय. तो चल याशिवाय दुसरं काय बोलला नाय. आणि एक मला नंतर खटकलं. तू मला दादा म्हटल्याशिवाय दोन वाक्यं बोलत नाहीस. तो एकदापण दादा म्हणाला नाय.

सुयोग: मागे वळून नाही बघितलंस?

शिवदास: नाय.

सुयोग: एकदाही?

शिवदास: मान वळत नव्हती. थंडीनं आखडली असेल. का भीती वाटली असेल. कसली भीती, तेपण कळत नव्हतं. मनात एवढंच येत होतं की वळलो तर बरं होणार नाय.

सुयोग: मग?

शिवदास: वर्कशॉपच्या गेटवर आलो. वॉचमन शहजाद बाहेर उभा होता. त्याला म्हटलं, सुयोग पण आलाय मागून, दोघांना चहा सांग. तो माझ्याकडं बघतच राहिला. नुसत्या शर्टावर होतो मी, ओठ निळे पडले होते म्हणे. त्यानं विचारलं, शिवदासभाई, आप किससे बात करते आ रहे हो? तेव्हा मी वळलो.

सुयोग: कोण होतं?

शिवदास: रस्ता रिकामा. धुकं तेवढं. आणि त्या धुक्यातून घंटा वाजली. अर्धी. उरलेली अर्धी वाजलीच नाय.

सुयोग: शहजादने ऐकली?

शिवदास: विचारलं नाय मी त्याला. अजून विचारलेलं नाय. तो नाय म्हणाला तर काय, आणि हो म्हणाला तर काय. माझी जीभ वळत नव्हती. सुयोग पीछे है, एवढं एकच म्हणत राहिलो. त्यांनी मला हीटरपाशी बसवला, आणि शहजाद आणि ड्रायव्हर पिकअप घेऊन तुला शोधत निघाले. ते पोचले तोवर तुला इथं आणला होता. तिथं तुझी सायकल तेवढी होती.

सुयोग: डॉक्टर सुहा मॅडमना सांगितलंस हे?

शिवदास: सांगितलं. मलापण तपासलं ना त्यांनी. म्हणाल्या, ओल्या कपड्यात थंडी अंगात मुरली की डोकं असे खेळ करतं. उकडतं, झोप येते, माणसं दिसतात, बोलतात. बसला असतात तर उठला नसतात म्हणाल्या. म्हणजे त्यानं मला वाचवलं. पण सुयोग, त्यानं घंटा वाजवली नसती तर मी तुझी हाक ऐकून थांबलो असतो. मागं आलो असतो. त्यानं मला वाचवलं का तुझ्यापासून लांब नेलं, ते मला कळत नाय. चार रात्री तोच विचार करतोय. हे असं झालं. आता तू काय ते बोल.



सुयोग: दादा, मी त्यासाठी रागावलो नव्हतो.

शिवदास: मग कशासाठी?

सुयोग: तू पुढे गेलास त्याचं मला काही नाही. धुकं होतं, ऐकू आलं नसेल, हे मला तिथेच कळत होतं. आईलाही मी तसं नव्हतं सांगितलं. तिने अर्धंच ऐकलं. माझा राग वेगळा आहे. तू नंतर आलास. आलास, माझ्याजवळ बसलास आणि मग उठून गेलास. मला तसाच टाकून. ते का केलंस, एवढंच मला विचारायचं होतं, पण तुझं तोंड बघितलं की विचारवत नव्हतं.

शिवदास: मी आलो नाय, सुयोग.

सुयोग: आलास.

शिवदास: मी गेटवर होतो. हीटरपाशी. शहजादला विचार.

सुयोग: आता तू सांगितलंस म्हणून मी मानतो. पण मी जे बघितलं ते ऐक. पडून बराच वेळ झाला होता. वरून गाड्या जात होत्या, कोणाला मी दिसत नव्हतो. ओरडून ओरडून गप्प बसलो. कुडकुडणंपण थांबलं होतं. तेवढ्यात दगडांवरून तू खाली उतरलास. अंगात जॅकेट नव्हतं. मला तेव्हा वाटलं, मला घालायला काढलंय. पण हातात पण नव्हतं.

शिवदास: जॅकेट मी काढलं होतं ते तुला कोणी सांगितलं?

सुयोग: कोणी नाही. आत्ता तुझ्याकडून ऐकलं. तू माझ्या बाजूला बसलास, माझे ओले ग्लोव्ज काढलेस आणि हात तुझ्या दोन्ही हातांत धरलेस. तुझे हात माझ्यापेक्षा गार होते. म्हणालास, झोपू नको. मी झोपायला लागलो की हात आवळायचास. आणि मला जागं ठेवायला बोलत बसलास.

शिवदास: काय बोलत?

सुयोग: तुझ्या लेकीचं, श्रेयाचं.

शिवदास: श्रेयाचं मी नेहमीच बोलतो. आपल्या खोलीत दुसरं काय असतं बोलायला.

सुयोग: हे तू कधी बोलला नव्हतास. म्हणालास, गेल्या सुट्टीत पोचलो त्या दिवशी ओटीवर बसलो होतो. श्रेया आतून पाणी घेऊन आली. तांब्या पुढे धरला आणि म्हणाली, काका, पाणी घ्या.

शिवदास: हे तुला शेवंतीनं सांगितलं.

सुयोग: वहिनी मला कशाला सांगेल?

शिवदास: तिला माहीतच नाय. ती विहिरीवर होती. श्रेया लहान, ती विसरूनपण गेली असेल. मी पाणी प्यालो आणि तांब्या परत दिला. कोणाला बोललो नाय. शेवंतीला नाय, आईला नाय, तुला नाय. कोणालाच नाय.

हिना: टाइम खलास, भैया. राउंड का टाइम है.

शिवदास: दो मिनट, सिस्टर. बस दो मिनट.

हिना: दो ही. और इसको ज़्यादा बात मत करवाओ, रात में बुखार था इसको.

शिवदास: नाय करवत. सुयोग, त्यानंतर मी काय बोललो?

सुयोग: जाऊ दे, दादा. डॉक्टर म्हणाल्या तसं असेल. डोक्याचे खेळ.

शिवदास: असू दे खेळ. मला ऐकू दे.

सुयोग:  मग माझे हात सोडलेस आणि म्हणालास, चल, निघतो आता. मी विचारलं, कुठे? म्हणालास, घरी. मला वाटलं वर रस्त्यावर जाशील, गाडी थांबवशील. तू खाली उतरलास. दगड उतरून त्या चिखलात, आणि तसाच पुढे चालायला लागलास. पाठ दिसत होती तुझी. मग धुकं.

शिवदास: त्या बाजूला नुसता समुद्र आहे.

सुयोग: म्हणून तर ओरडत होतो. माझ्यात जीव उरला नव्हता, स्वतःसाठी ओरडणं मी सोडून दिलं होतं. पण तू पाण्यात चाललेला दिसल्यावर कुठून आवाज आला कोण जाणे. तुझं नाव घेऊन गळा फाटेपर्यंत ओरडलो. वर अहमद नावाच्या एकाने गाडी थांबवली ती ते ऐकूनच. बुजुर्ग माणूस, मासळीबाजारात निघाला होता. मला उचलायला लागला तर मी त्याला ढकलत होतो. म्हणत होतो, मला राहू दे, आधी त्याला आण. तो बिचारा टॉर्च घेऊन पाण्यापर्यंत जाऊन आला.

शिवदास: मग?

सुयोग: म्हणाला, मफी. कोणी नाही. चिखलात पाऊलपण नाही. तरी मी गाडीत बसल्यावर मागेच बघत होतो. इथे आणल्यावर पहिल्यांदा विचारलं ते तुझंच. तू जिवंत आहेस, गेटवर आहेस कळलं, आणि मग राग आला. म्हटलं, मी तिकडे मरत होतो आणि हा आरामात ड्युटीवर गेला.

शिवदास: आराम नव्हता रे.

सुयोग: कळलं आता. आईला आज फोन करतो. वहिनीलापण सांगतो. सगळं नाही सांगणार. तू थांबला नाहीस कारण तुला ऐकू आलं नाही, एवढंच सांगेन.

शिवदास: तेवढं बस झालं.

सुयोग: आणि सायकल बंद कर, दादा. कंपनीच्या कॅम्पातून वर्कशॉपला बस जाते, मी इथून सुटलो की तिकडेच राहू दोघं.

शिवदास: सायकल दिली मी शहजादला. ठेव म्हटलं गेटवर.

सुयोग: घंटा?

शिवदास: माझ्या सायकलला घंटा नव्हती कधी. तुझ्या सायकलची पोलिसांकडं आहे. बघितली मी. दांड्यापासून तुटलीय. सुयोग, मला वाटतं मी घरी जाऊन यावं. रजा मागतो उद्या.

सुयोग: जा.

शिवदास: तू एकटा इथं. बरा झालास की निघेन.

सुयोग: माझं नको बघू. माझ्यासाठी थांबू नकोस, खरंच जा. पण दादा, जाशील तेव्हा मला सांगून जा. इथे येऊन, समोर उभा राहून सांग.