पाचव्या माईकची लाईट

मी, जाफर करीम शेख, वय ४७ वर्षे, धंदा मंडप व साउंड सर्व्हिस, रा. राजुरा, जि. चंद्रपूर. ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

मी इथल्या केबल वाहिनीवर माईक आणि मिक्सर चालवतो. काल सायंकाळी सहा वाजता उमेदवारांची थेट चर्चा झाली. मोठ्या पक्षांचे चौघे टेबलाला बसले होते. पाचव्या रंभाबाई मडावी लहान पक्षाच्या, म्हणून त्यांना कोपऱ्यात स्टूल. चौघांना पाच-पाच मिनिटे, बाईंना दोन.

बाईंची पाळी आली. त्यांनी चौघांनाच विचारलं, "वनहक्काचे पट्टे अडकून राह्यले, तुमी कोणी काऊन बोलत नाई?" तेवढ्यात वाहिनीचे मालक गुणवंतराव माझ्या कानाशी आले. म्हणाले, "जाफर, पाच नंबर खाली घे. जाहिराती कोणाच्या हायेत, माहीत हाय ना?" मी मिक्सरवरची त्या माईकच्या आवाजाची पट्टी खाली ओढली.

माईकची लाल लाईट त्याच्या सेलवर जळते. मिक्सरवरून आवाज बंद केला तरी ती विझत नाही. खोलीत आवाज ऐकू येईल असा भोंगाही नव्हता. त्यामुळे बाईले काही समजलं नाई, त्या पूर्ण दोन मिनिटं बोलल्या. मी आठ फुटांवर होतो, सगळं ऐकलं. टीव्हीवर निसते ओठ हलले.

साहेब, बोलवाचं नव्हतं तं बाईले बोलवाचंच नव्हतं. घरी बोलावून ताटावरून उठवल्यासारखं झालं हे. बावीस वर्षांत असं काम मी केलं नाई. मले लाज वाटून राह्यली.

कार्यक्रम संपल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. "जाफरभाऊ, आवाज बराबर गेला ना? सारं गाव समाजमंदिरात टीव्हीपुढं बसलं हाय." मी म्हणालो, "हो बाई, एकदम साफ." बाई हसत बसस्टँडकडे गेल्या.

गावी गेल्यावर बाईंना आवाज आलाच नाही हे कळलं, आज त्यांनी तक्रार दिली. त्यांची मागणी एकच आहे, दोन मिनिटे परत द्या. प्रचार उद्या सायंकाळी संपतो.

हा जबाब मला वाचून दाखवला. गुणवंतरावांनी ठाण्यात फोनवर कळवल्यावरून त्यात 'तांत्रिक बिघाड' असं लिहिलं होतं. ते मी खोडायला लावलं. मशीन चांगली आहे. आवाज मी बंद केला, असं लिहून घेतलं. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करतो.